शीळफाटा आणि घर बांधणारांचा संघ

मुंबईहून मोटारीनें पुण्यास निघालेला प्रवासी १९७३ सालापर्यंत वाशीवरून जात नसे. ठाण्याच्या खाडीवर तेथें पूलच नव्हता. त्याची वाट ठाण्यावरून कळव्यास, कळव्याहून मुंब्र्याच्या डोंगराच्या कडेकडेनें शीळ गांवास, आणि तेथून पनवेलास अशी होती. शीळ गांवाजवळ या वाटेस कल्याणकडून येणारी वाट मिळे, आणि त्या जागेस लोक शीळफाटा म्हणूं लागले. फाटा म्हणजे गांव नव्हे. वाटसरूनें क्षणभर थांबावें, कोणीकडे वळावयाचें तें ठरवावें, आणि पुढें चालूं लागावें, एवढेंच त्या जागेचें काम. पूल झाला, पुण्याची पुष्कळशी रहदारी तिकडे वळली, आणि शीळफाट्यावर उरल्या त्या अवजड मालमोटारी, खिडकाळीच्या महादेवास जाणारे भाविक, आणि आसपासच्या भातखाचरांत राबणारे आगरी शेतकरी.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत याच फाट्याच्या भोंवतीं घरबांधणीच्या धंद्यानें जें रूप धारण केलें, त्यांत त्या धंद्याचे बहुतेक सारे गुणदोष एका ठिकाणीं पाहावयास मिळतात. कल्याण-शीळ रस्त्यावर निळजें व काटई या गांवांच्या शिवारांत आज उंचच उंच इमारतींची रांग उभी आहे. आणि फाट्यापासून थोड्याच अंतरावर ती जागाही आहे, जेथें २०१३ सालीं एक इमारत कोसळून ७४ माणसें दगावलीं. घर बांधून विकणारांचा संघ मुंबईंत १९८२ पासून आहे, आणि त्याच्या शाखा ठाण्यास व कल्याण-डोंबिवलीस आहेत. या संघानें काय साधलें, काय साधलें नाहीं, आणि त्याच्या हातीं मुळांत काय होतें, हें समजून घ्यावयाचें तर बरेंच मागें जावें लागतें.

धंदेवाल्यांचा संघ ही कल्पना या प्रदेशास परकी नाहीं. कल्याण हें सातवाहनांच्या काळीं भरभराटलेलें बंदर होतें, आणि तेथील व्यापाऱ्यांच्या व सोनारांच्या दानांचे लेख कान्हेरीच्या व जुन्नरच्या लेण्यांत कोरलेले आहेत. त्या काळीं एकेका धंद्याची श्रेणी असे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यांत त्यानें ३,००० कार्षापणें कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे सोंपविल्याचें नमूद आहे. पैकीं २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक व्याजानें, आणि १,००० दुसरीकडे शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल कधीं परत मागावयाचें नाहीं. व्याजांतून लेण्यांतील भिक्षूंना वस्त्रें पुरवावयाचीं. आणि हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकवून फलकांवर रीतसर नोंदविला, असेंही तो लेख सांगतो. म्हणजे राजाच्या जांवयानें आपली ठेव एकट्यादुकट्या सावकाराकडे न ठेवतां कारागिरांच्या संघाकडे ठेविली, आणि तिची नोंद चारचौघांसमक्ष करून घेतली. दोन हजार वर्षांनंतर डोंबिवलीस घर घेणारा कारकून तरी याहून वेगळें काय मागत होता? दिलेला पैसा जावयाचा त्याच कामीं जावा, आणि कागद पक्का व्हावा, एवढीच त्याची मागणी होती.

या कारकुनास डोंबिवलीस आणून सोडलें तें आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें अशी पहिली गाडी धांवली, आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोंचली. डोंबिवलीस स्टेशन झालें तें १८८७ सालीं. परंतु स्टेशन झाल्याबरोबर वस्ती झाली असें नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत काम करणारा माणूस मुंबईच्या चाळींतच राहत असे. १८९६ च्या प्लेगनें त्या चाळींची अवस्था चव्हाट्यावर आणली, आणि १८९८ सालीं मुंबईंत सिटी इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनें रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. तरी घर म्हणजे भाड्याचें घर, ही समजूत कायमच राहिली. पैसेवाल्यानें जमीन घ्यावी, चाळ बांधावी, आणि भाड्याच्या उत्पन्नावर निश्चिंत असावें, असा तो व्यवहार होता. इमारत प्रत्यक्ष बांधणारा हा त्यांत निव्वळ कंत्राटदार असे. मालक सांगेल तसें बांधावें, बिल घ्यावें, आणि दुसऱ्या कामास लागावें. अशा कंत्राटदारांची संघटनाही जुनी आहे. लष्करी बांधकामें करणाऱ्या ठेकेदारांनीं १९४१ सालीं जी संस्था काढली तिचेंच पुढें बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया झालें. परंतु तिच्या सभासदांचा घर घेणाऱ्या गृहस्थाशीं थेट संबंध नव्हता.

हें चित्र पालटलें तें भाडेनियंत्रणानें. दुसऱ्या महायुद्धांत मुंबईंत माणसांची रीघ लागली व जागांचे भाव भडकले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हें प्रमाणभूत धरलें, आणि भाडेकरूस सहजासहजीं काढतां येणार नाहीं अशी तरतूद केली. त्या क्षणीं तें योग्यच होतें. युद्धोत्तर काळांत हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं. पण तात्पुरता म्हणून झालेला कायदा अर्धशतकाहून अधिक काळ राहिला. दुधाचे भाव वाढले, सिमेंटचे वाढले, गंवड्याची मजुरी वाढली. चाळीचें भाडें मात्र होतें तेथेंच. अशा व्यवहारांत नवी चाळ कोण बांधणार? ज्यांच्या होत्या त्यांनीं दुरुस्ती सोडून दिली, आणि पागडी नांवाचा हिशेबाबाहेरचा व्यवहार बोकाळला. भाडेकरूच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या कायद्यानें पुढच्या पिढीस भाड्याचें घरच मिळेनासें केलें, हें कटु असलें तरी खरें आहे.

भाड्यानें देणें परवडेना, तेव्हां बांधणारा विकूं लागला. पण विकावयाचें काय? तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या विकत घेतल्या, तर जमीन कोणाची, जिना कोणाचा, गच्ची कोणाची? या प्रश्नास एक उत्तर मुंबईंत अगोदरच तयार होतें. गांवदेवी येथें सारस्वत मंडळींनीं १९१५ सालींच सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. जमीन व इमारत संस्थेची, आणि सभासदास आपल्या जागेंत राहण्याचा हक्क. फरक इतकाच कीं, तेथें सभासद आधीं एकत्र आले व मग घरें झालीं. बिल्डरच्या व्यवहारांत घरें आधीं विकलीं जात, आणि संस्था करून जमीन तिच्या नांवें करून देण्याचें काम शेवटीं राहत असे. शेवटीं राहिलेलें काम पुष्कळदां राहूनच जातें. विक्रीचा पैसा हातीं आला होता, जमिनीवर आणखी बांधतां येण्याचा संभव होता, मग खरेदीखत करून देण्याची घाई बिल्डरास कां असावी?

तक्रारी इतक्या झाल्या कीं राज्य सरकारनें १९६० च्या मे महिन्यांत चौकशीसमिती नेमली. तिचा अहवाल १९६१ सालीं आला, आणि १९६३ सालीं महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा झाला. आज गृहस्थाघरीं ज्याला ‘मोफा’ म्हणतात तो हाच. त्यानें पुष्कळ गोष्टी स्पष्ट केल्या. किंमतीच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम आगाऊ घ्यावयाची नाहीं, आणि आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीं लेखी करार करून तो नोंदवावयाचा. जमिनीच्या मालकीचे कागद, मंजूर नकाशे दाखवावयाचे. मंजूर नकाशांत ग्राहकाच्या संमतीवांचून फेरफार करावयाचा नाहीं. घेणाऱ्यांची संस्था करून जमिनीसह इमारत तिच्या नांवें करून द्यावयाची. कायदा मोडल्यास शिक्षाही होती. कमतरता एकच होती : हें सारें पाहावयाचें कोणीं? फसलेल्या माणसानें दिवाणी कोर्टांत जावें, नाहींतर पोलिसांकडे. ज्यानें बायकोचे दागिने मोडून डोंबिवलीस दोन खोल्या घेतल्या, त्याला वकिलाची फी कोठून परवडावी? जमीन नांवावर करून न देणारे विकासक इतके झाले कीं, पुढें २००८ च्या दुरुस्तीनें त्यांच्या सहीवांचूनही मानीव खरेदीखत करून घेण्याची सोय करावी लागली. पंचेचाळीस वर्षांनीं!

१९७० नंतरच्या दहा-बारा वर्षांत या धंद्याची सर्व सामुग्री एकत्र आली. १९७० च्या मार्चमध्यें नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडकोची स्थापना झाली. १९७३ सालीं खाडीवरचा पूल झाला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानें मोठ्या शहरांतील मोकळ्या जमिनीवर मर्यादा आली. बृहन्मुंबईंत ती ५०० चौरस मीटर होती. गरिबांच्या घरांसाठीं जमीन मिळावी हा त्याचा हेतु. घडलें असें कीं, पुष्कळ जमीन वादांत व सवलतींच्या अर्जांत अडकून पडली, आणि उरलेली महागली. मुंबई महागली तसा मध्यमवर्ग गाडीच्या रुळांवरून ठाणें, डोंबिवली, कल्याण असा सरकत गेला. १९७७ सालीं हसमुख ठाकोरदास पारेख यांनीं एच. डी. एफ. सी. ही संस्था काढली, आणि पगारदार माणसास घरासाठीं हप्त्यानें कर्ज मिळण्याची नवी वाट खुली झाली. पूर्वीं घर निवृत्तीच्या वेळीं फंडाच्या पैशांतून होत असे. आतां तें तिशी-पस्तिशींत होऊं लागलें. राहिला प्रश्न सिमेंटचा. सिमेंटवर सरकारचें नियंत्रण होतें, परवान्यावांचून पोतें मिळत नसे, आणि बिल्डरांना मिळणाऱ्या सिमेंटच्या प्रकरणावरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांना १९८२ च्या जानेवारींत पद सोडावें लागलें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीच्या अखेरीस सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झालें.

याच १९८२ सालीं मुंबईंत महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री, अर्थात् एम. सी. एच. आय., ही विकासकांची संस्था निघाली. पुण्यांतील बांधकाम व्यावसायिकांचा संघही त्याच वर्षींचा. ठाणें महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ची, आणि कल्याणची १ ऑक्टोबर १९८३ ची. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. परवानगी देणारें कार्यालय मोठें झालें, तेव्हां परवानगी मागणाऱ्यांनाही एकटेंदुकटें जाणें सोयीचें राहिलें नाहीं. पुढें १९९९ सालीं देशभरच्या अशा संघांचा ‘क्रेडाई’ हा महासंघ झाला, मुंबईचा संघ त्यास जोडला गेला, आणि ठाणें, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, रायगड अशा त्याच्या शाखा झाल्या.

संघाचें दृश्य काम म्हणजे प्रदर्शनें. मंडप घालावा, शंभर ठिकाणच्या घरांचे नकाशे एका जागीं मांडावे, बँकांनीं शेजारीं टेबल लावावें, आणि रविवारीं सहकुटुंब आलेल्या गृहस्थानें पिशवीभर माहितीपत्रकें घेऊन घरीं जावें. अदृश्य काम अधिक महत्त्वाचें : कर, अधिमूल्य, चटईक्षेत्र यांविषयीं सरकारशीं बोलणें, आणि बोलण्यानें भागलें नाहीं तर न्यायालयांत जाणें. यांत संघ पुष्कळदां हरला आणि कधीं जिंकला. २० जून २००६ पासूनच्या बांधकामाधीन सदनिकांवर राज्यानें मूल्यवर्धित कर लावला, त्याविरुद्ध तो मुंबई उच्च न्यायालयांत गेला; २०१२ सालीं निकाल सरकारच्या बाजूनें लागला. तेव्हां कित्येक विकासकांनीं जुन्या ग्राहकांकडे कराच्या मागण्या धाडल्या, आणि घर घेऊन चार वर्षें झालेल्या माणसास कळून आलें कीं आपला हिशेब अजून मिटलेला नाहीं. २०१५ सालीं उच्च न्यायालयानें कचऱ्याची विल्हेवाट नीट होत नाहीं म्हणून कल्याण-डोंबिवलींत नव्या बांधकामांस परवानगी देण्याची मनाई केली. ती सुमारें वर्षानें उठली. आधारवाडीच्या कचऱ्याच्या ढिगाचा आणि विटा-सिमेंटचा असा संबंध लागेल, हें बांधणारांच्या ध्यानींमनींही नसावें! राज्यांतील बहुतेक शहरांस एकच बांधकाम नियमावली असावी ही जुनी मागणी मात्र २०२० च्या डिसेंबरांत सफळ झाली, आणि त्याच वर्षीं साथीच्या दिवसांत मुद्रांकशुल्क कांहीं महिने शेंकडा दोनवर आलें.

या मागण्या गैर होत्या असें नाहीं. धंदा करणाऱ्यानें आपल्या अडचणी मांडाव्या, हा त्याचा हक्कच आहे. परंतु प्राचीन श्रेणी ही आपल्या माणसांच्या मालाची व शब्दाची हमी घेत असे. नव्या संघानें पहिलीं तीस-पस्तीस वर्षें गाऱ्हाणीं मांडण्याचें काम जितक्या हिरिरीनें केलें, तितक्या हिरिरीनें हमी घेण्याचें केलें नाहीं. आचारसंहिता होती, पण ती न पाळणाऱ्या विकासकास धंदा करण्यास कांहींच आडकाठी नव्हती, आणि जो संघांत आलाच नाहीं त्यावर संघाची सत्ता ती कसली?

शीळफाट्याची गोष्ट याच ठिकाणीं येते. फाटा हा हद्दींचाही फाटा आहे. शीळ, डायघर हीं गांवें ठाणें महानगरपालिकेंत. थोडें पुढें गेलें कीं कल्याण-डोंबिवलीचीं सत्तावीस गांवें. दक्षिणेस महापेकडे उतरलें कीं नवी मुंबई. त्या सत्तावीस गांवांचा इतिहास तर चक्रावून टाकणारा आहे. १९८३ सालीं तीं महानगरपालिकेंत आलीं, २००२ सालीं बाहेर पडलीं, २०१५ सालीं पुन्हां आंत आलीं, आणि २०२० सालीं त्यांतील अठरा वेगळीं काढण्याचा निर्णय झाला तो उच्च न्यायालयानें रद्द केला. मधल्या काळांत आराखड्याचा अधिकार महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होता. परवानगी कोणीं द्यावयाची व बेकायदा भिंत कोणीं पाडावयाची हें जेथें दर दहा वर्षांनीं बदलतें, तेथें भिंत बांधणारा थांबून राहत नाहीं. एकीकडे मोठ्या भांडवलानें पलावासारखी आखीव वसाहत उठली. दुसरीकडे गुंठ्या-दोन गुंठ्यांवर विनापरवाना इमारती उभ्या राहिल्या, आणि पहिल्या ठिकाणची किंमत ज्यांना परवडेना ते दुसऱ्या ठिकाणीं गेले.

४ एप्रिल २०१३ च्या सायंकाळीं शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंड नांवाच्या आवारांतील इमारत कोसळली. तिला परवानगी नव्हती. अवघ्या कांहीं आठवड्यांत सात मजले चढले होते आणि आठव्याचें काम चालूं होतें. खालीं कुटुंबें राहावयास आलेलीं होतीं, बांधकामाचे मजूर मुलाबाळांसह तेथेंच राहत. काँक्रीटला भरण्यास व पाणी पिण्यास लागणारा काळसुद्धां त्या कामास मिळाला नव्हता. ७४ माणसें गेलीं, त्यांत लहान मुलें पुष्कळ. बांधणारांबरोबर महानगरपालिकेच्या व पोलिसांच्या कांहीं अधिकाऱ्यांसही अटक झाली, यावरून इमारत कोणाच्या नजरेस पडली नव्हती असें म्हणावयास जागा राहिली नाहीं. भरवस्तींत, हमरस्त्यापासून थोड्या अंतरावर, सात मजले लपत नाहींत.

संघटित व्यावसायिकांनीं म्हणावें कीं हे आमचे नव्हेत, हें अक्षरशः खरें होतें. पण घर घेणाऱ्यास दोहोंतला फरक ओळखण्याचें साधन काय होतें? माहितीपत्रक दोघांचेंही गुळगुळीत कागदावर छापलेलें असतें. हें साधन देण्याचा खटाटोप पुढें कायद्यानें केला. राज्यानें २०१२ सालींच गृहनिर्माण नियामकाचा एक कायदा केला होता. तो पुरता अंमलांत येण्याआधींच संसदेनें २०१६ चा स्थावर संपदा कायदा करून त्यास रद्द केलें. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रांत ‘महारेरा’चा अंमल सुरू झाला. ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरचा किंवा आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदविल्यावांचून जाहिरात देखील करावयाची नाहीं. ग्राहकांच्या पैशांतील शेंकडा सत्तर भाग वेगळ्या खात्यांत ठेवून त्याच जमिनीवर व त्याच बांधकामावर खर्च करावयाचा. शेंकडा दहाहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारावांचून घ्यावयाची नाहीं. ताबा लांबला तर व्याज द्यावयाचें. कांहीं विकासकांनीं या कायद्यास आव्हान दिलें, परंतु ६ डिसेंबर २०१७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तो वैध ठरविला.

संघाच्या दृष्टीनें याहूनही मोठा पालट पुढें झाला. २०१८ सालीं महारेरानें समेट-मंच सुरू केला. त्यांत एका बाजूस विकासक संघांचे प्रतिनिधि, आणि दुसऱ्या बाजूस १९७५ सालापासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचे, असे एका टेबलाशीं बसले. आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत महारेरानें ठरविलें कीं, प्रकल्प नोंदविणाऱ्या प्रत्येक विकासकानें मान्यताप्राप्त स्वयंनियामक संघटनेचें सभासद असलें पाहिजे. क्रेडाई-एम. सी. एच. आय. ही अशा संघटनांपैकीं एक. हौसेची सभासदगिरी सक्तीची झाली, आणि ‘तो आमचा नव्हे’ हें म्हणणें पूर्वींइतकें सोपें राहिलें नाहीं.

तरीही चोरवाट राहिलीच, आणि ती कल्याण-डोंबिवलींतच सांपडली. तेथील ६५ इमारतींच्या बांधणारांनीं महानगरपालिकेची खोटी बांधकाम परवानगी तयार करून तिच्या आधारें महारेराचे क्रमांक मिळविल्याचें उघडकीस आलें, आणि २०२२ सालीं गुन्हे दाखल झाले. पुढें परवानगीचे कागद विकासकाकडून घेण्यावर विसंबून न राहतां ते नियोजन प्राधिकरणाकडून परस्पर पडताळून घेण्याची व्यवस्था महारेरानें २०२३ सालीं केली. २०२४ च्या नोव्हेंबरांत उच्च न्यायालयानें त्या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरें घेतलेल्या कुटुंबांनीं करारांची नोंदणी केली होती, मुद्रांकशुल्क भरलें होतें, बँकांनीं कागद तपासून कर्जें दिलीं होतीं. खोटा होता तो पहिला कागद, आणि तो पाहण्याचें काम त्या कुटुंबांकडे कधींच नव्हतें. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलापासून समुद्राच्या खाडीखालून निघालेला अतिजलद आगगाडीचा २१ किलोमीटर लांबीचा बोगदा शीळफाट्याशीं जमिनीवर येतो. त्याच्या बातमीबरोबर फाट्याच्या आसपासचे जागांचे भाव चढत असतां, तिकडे डोंबिवलींत पाडावयाच्या ठरलेल्या घरांचे मासिक हप्ते पगारांतून कापले जात होते.